दोन लूप आणि आतून जोडलेले मायनस : डेटा लॉगरच्या ४–२० मिलिअँप आउटपुटच्या जोडणीचे एक प्रकरण

लॉगरच्या स्क्रीनवर पाण्याचा प्रवाह ताशी २०० घनमीटर आणि गढूळपणा १२.५ एनटीयू (गढूळपणाचे एकक). त्याच वेळी ३०० मीटरवरच्या कंट्रोल रूममध्ये पीएलसीच्या, म्हणजे प्लांटचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या, स्क्रीनवर प्रवाह १५० आणि गढूळपणा १८.७५. पीएलसीत गढूळपणाचा अलार्म १५ वर लावलेला होता, त्यामुळे तो वाजत होता. ऑपरेटरने नमुना घेऊन हातातल्या मीटरवर तपासला तर आकडा लॉगरशी जुळला. म्हणजे सेन्सर बरोबर, लॉगर बरोबर. बिघाड होता तो लॉगरपासून पीएलसीपर्यंतच्या चार तारांत, किंवा त्या तारा दोन टोकांना ज्या टर्मिनलवर संपतात तिथे.

हे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे आउटलेट आहे. लॉगर दोन्ही मोजमापे दर मिनिटाला घेतो, स्वतःच्या मेमरीत साठवतो आणि तीच दोन ४–२० मिलिअँप आउटपुटवरही देतो. प्रवाहासाठी ४ मिलिअँप म्हणजे शून्य आणि २० मिलिअँप म्हणजे ताशी ४०० घनमीटर. गढूळपणासाठी शून्य ते ५० एनटीयू. दोन जोड्यांची शील्डेड केबल, २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय कंट्रोल पॅनेलमध्ये, आणि पीएलसीचे आठ चॅनेलचे ॲनालॉग इनपुट कार्ड, ज्याच्या प्रत्येक इनपुटच्या आत २५० ओहमचा रेझिस्टर.

लॉगरचे आउटपुट पॅसिव्ह होते. ते स्वतः करंट देत नाही; बाहेरच्या सप्लायने लावलेल्या लूपमधून, म्हणजे करंटच्या बंद वाटेतून, किती करंट जाऊ द्यायचा एवढेच ठरवते. जोडणी अशी होती: पॅनेलमधला २४ व्होल्ट प्लस केबलच्या एका कोअरने लॉगरच्या आउट-१ प्लसवर, आउट-१ मायनसवरून दुसऱ्या कोअरने परत पॅनेलमध्ये पीएलसीच्या इन-१ प्लसवर, आणि इन-१ मायनस २४ व्होल्टच्या मायनसला. दुसरा चॅनेल हुबेहूब तसाच. कागदावर ही दोन्ही लूप निर्दोष दिसतात. दोन तारांच्या ट्रान्समीटरची जोडणी जगभर अशीच करतात.

बिघाड लवकर लक्षात न येण्याला दोन कारणे होती. पहिले म्हणजे पीएलसीवरचे आकडे खोटे असले तरी पटण्यासारखे होते. प्रवाह वाढला की गढूळपणा वाढायचा, प्रवाह उतरला की तोही उतरायचा. जास्त पाणी जास्त गाळ वाहून आणते हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे दोन आलेख जोडीने वरखाली होताना कोणालाच खटकले नाही. दुसरे कारण चाचणीचा तक्ता. कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा सुरू करतानाच्या तपासणीच्या, वेळी प्रत्येक चॅनेल ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपवर तपासला होता आणि सगळे आकडे बरोबर आले होते. ती चाचणी खरीच झाली होती, फक्त एका वेळी एकच चॅनेल जोडून. साइटवरच्या वायरमननेच हे बोलून दाखवले: "सर, एकेक लावलं की बरोबर येतं. दोन्ही लावले की बिघडतं." निदानासाठी याहून मोलाचा धागा दुसरा नव्हता.

आधी मिलिअँप, मग एनटीयू

अशा वेळी घनमीटर आणि एनटीयूमध्ये विचार करत बसलो की काहीच उलगडत नाही. दोन्ही आकडे आधी करंटमध्ये उतरवायचे. ४ ते २० मध्ये १६ मिलिअँपचा पट्टा आहे. ४०० पैकी २०० म्हणजे अर्धा पट्टा, म्हणून ४ + ८ = १२ मिलिअँप. ५० पैकी १२.५ म्हणजे पाव पट्टा, म्हणून ४ + ४ = ८ मिलिअँप. हे लॉगर पाठवत असलेले करंट. पीएलसीकडून उलटे गणित केले तर १५० घनमीटरचे होतात १० मिलिअँप, आणि १८.७५ एनटीयूचेही होतात १० मिलिअँप.

लॉगरकडून १२ आणि ८ निघतात, पीएलसीला १० आणि १० पोहोचतात. बेरीज दोन्हीकडे २०.

या बेरजेने बऱ्याच शंका तिथल्या तिथे निकालात निघाल्या. स्केलिंग चुकले असते तर पीएलसीच्या कच्च्या करंटचा आकडा तरी बरोबर असता. कार्ड खराब असते तर दोन्ही चॅनेल नेमके एकसारखे कशाला आले असते? करंट अर्थिंगमधून गळत असता तर बेरीज कमी भरली असती. इथे करंट हरवत नव्हता, एका लूपमधला दुसऱ्यात जात होता. शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली आहे, तोच घोळ असेल, असे एक मत होते. लॉगरकडची शील्ड सोडून पाहिली. आकडा तसूभरही हलला नाही. (शील्ड एकाच टोकाला, पॅनेलकडे, अर्थ करायची ही पद्धत योग्यच आहे आणि ती नंतर तशीच ठेवली. पण या बिघाडाशी तिचा संबंध नव्हता.)

मोजणी

मल्टीमीटर मिलिअँपवर घेऊन आउट-१ प्लसच्या कोअरमध्ये सिरीजमध्ये लावला: १२.०० मिलिअँप. आउट-२ प्लसमध्ये: ८.०० मिलिअँप. लॉगर आपले काम चोख करत होता. पीएलसीच्या टोकाला मात्र मीटर सिरीजमध्ये लावायचा नाही, हे इथे आवर्जून सांगतो. मीटरला स्वतःचा काही ओहमचा रेझिस्टन्स असतो, आणि करंट दोन वाटांत विभागला जातोय अशी शंका असताना एका वाटेत रेझिस्टन्स वाढवला तर ती विभागणीच बदलते. त्याऐवजी इनपुटच्या २५० ओहमवरचा व्होल्टेज मोजायचा, लूप न उघडता. १२ मिलिअँपला तिथे ३.०० व्होल्ट यायला हवेत. आले २.५०. दुसऱ्या चॅनेलवर २.०० हवेत, तिथेही २.५०.

एकाच लूपमध्ये दोन ठिकाणी दोन वेगळे करंट मिळत असतील तर ते लूप एकटे नाही. मध्ये कुठेतरी त्याला फाटा फुटलेला आहे. मग २४ व्होल्ट बंद केला, लॉगरकडच्या चारही तारा सोडल्या आणि लॉगरच्या आउट-१ मायनस व आउट-२ मायनस या टर्मिनलमध्ये रेझिस्टन्स मोजला. एक ओहमपेक्षाही कमी. दोन्ही मायनस लॉगरच्या आत एकच होते.

पीएलसीच्या कार्डाचे मॅन्युअल उघडले. आठही इनपुटचे मायनस कार्डाच्या आत एकत्र जोडलेले, आणि तो कॉमन २४ व्होल्टच्या मायनसला.

आता सगळे चित्र समोर आले. आउट-१ मधून आलेले १२ आणि आउट-२ मधून आलेले ८ मिलिअँप लॉगरच्या आतच, मायनसच्या एका बिंदूवर एकत्र येतात. तिथून पॅनेलकडे दोन कोअर निघतात, प्रत्येकाच्या शेवटी २५० ओहम, आणि ते दोन्ही पुन्हा एकाच बिंदूला मिळतात. दोन पाट एका हौदात सोडले आणि हौदातून पुन्हा दोन पाट काढले, तर कोणत्या पाटाचे पाणी कुठे गेले हे विचारण्यात अर्थ उरत नाही. रेझिस्टन्स समान असल्यामुळे २० मिलिअँप निम्मे निम्मे झाले. एका लूपमध्ये आणखी एखादा इंडिकेटर असता तर विभागणी असमान झाली असती, पीएलसीवरचे आकडे एकसारखे दिसले नसते आणि शोध बराच लांबला असता.

लॉगरच्या डेटाशीटवर आउटपुट "आयसोलेटेड" लिहिलेले होते आणि ते खोटे नव्हते. आउटपुटचा पूर्ण गट लॉगरच्या इलेक्ट्रॉनिक्सपासून, म्हणजे सेन्सर आणि बॅटरीपासून वेगळा होता. चॅनेल एकमेकांपासून वेगळे आहेत असे त्या डेटाशीटने कुठेच म्हटले नव्हते. मागच्या पानांवरच्या लहानशा आकृतीत दोन्ही मायनस एका रेषेने जोडलेले दाखवले होते, ते पाहणाऱ्यालाच दिसणार. टर्मिनलवर मात्र चार स्वतंत्र स्क्रू आणि चार स्वतंत्र नावे असतात, आणि माणूस स्क्रूवर विश्वास ठेवतो.

तुटलेली तार आणि न वाजणारा अलार्म

निदान पक्के करायला एक प्रयोग केला. प्रवाह १२ मिलिअँपवर स्थिर धरला आणि गढूळपणाच्या चॅनेलची फक्त आउट-२ प्लसची तार सोडली. गढूळपणाचे लूप आता उघडे आहे. पीएलसीवर तो चॅनेल मेलेला दिसायला हवा. प्रत्यक्षात दोन्ही इनपुटवर ६.०० मिलिअँप आले. प्रवाह ५० घनमीटर, गढूळपणा ६.२५ एनटीयू, आणि कुठलाही अलार्म नाही.

मला या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत गंभीर वाटते. ४ मिलिअँपपासून सुरुवात करण्याचा मोठा फायदा असा की खरे शून्य आणि तुटलेली तार वेगळी ओळखता येते. नामूर या प्रक्रिया उद्योगांतील ऑटोमेशन वापरकर्त्यांच्या संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीनुसार मोजमाप ३.८ ते २०.५ मिलिअँपमध्ये राहते, ३.६ किंवा त्याखाली आणि २१ किंवा त्यावर गेले की तो बिघाडाचा संकेत धरतात. पीएलसीत ३.६ ची मर्यादा व्यवस्थित लावलेली होती. पण शेजारचा चॅनेल तुटलेल्या चॅनेलला करंट पुरवत होता, त्यामुळे प्रवाहाचा करंट ७.२ मिलिअँपच्या वर असेपर्यंत ती मर्यादा ओलांडलीच गेली नसती. चुकीचा आकडा दिसणे वाईट आहेच. तार तुटल्यावरही नेहमीच्या आवाक्यातला आकडा दिसत राहणे त्याहून कितीतरी वाईट, कारण सहा एनटीयू पाहून कोणी जागचा उठत नाही.

कोणकोणते उपाय तपासले

सगळ्यांत आधी सुचतो तो उपाय म्हणजे दोन लूपना दोन वेगळे पॉवर सप्लाय. मागणीपत्रात तसे लिहूनही झाले होते. याने काहीही सुधारत नाही. लॉगरकडचे मायनस एकत्र आणि पीएलसीकडचे मायनस एकत्र, म्हणजे दोन्ही टोकांचे बिंदू सामाईकच राहतात. मधले दोन २५० ओहम पॅरललच राहतात. सप्लाय एक असो की दोन, विभागणी तीच. तारांची अदलाबदल करून सप्लाय लूपमध्ये दुसरीकडे बसवला तरी तेच. सामाईकपणा एका टोकाला तरी तोडावाच लागतो.

लॉगरच्या आउटपुटला ॲक्टिव्ह करण्याची सोय नव्हती, ना जंपर ना सेटिंग. आणि असती तरी ॲक्टिव्ह आउटपुटचे मायनसही कॉमनच असतात असे गृहीत धरून ड्रॉईंग पाहावे लागले असते. मात्र तिथे कॉमन मायनस कॉमन मायनसलाच जातो आणि प्लस वेगळे राहतात, म्हणून ते चालते. पॅसिव्ह आउटपुटमध्ये अडचण अशी की लोडला, म्हणजे पीएलसीच्या २५० ओहमला, लॉगरच्या मायनसकडे बसवले आहे, म्हणजे नेमके सामाईक बाजूला. लोड प्लसच्या बाजूला, २४ व्होल्ट प्लस आणि आउट प्लस यांच्या मध्ये बसवला की प्रश्न सुटतो, कारण तिथे दोन्ही चॅनेल खरोखर वेगळे आहेत. पण या पीएलसी कार्डाचे इनपुट तिथे बसवताच येत नाही. त्याचा मायनस कायमचा शून्य व्होल्टला बांधलेला आहे.

डिफरन्शियल इनपुटचे, म्हणजे मायनस शून्याला न बांधता दोन टोकांमधला फरक मोजणारे, कार्ड घातले तर? तेव्हा इनपुट २४ व्होल्टच्या आसपास तरंगते, आणि अनेक डिफरन्शियल कार्डांना एवढा कॉमन-मोड व्होल्टेज चालत नाही. पूर्ण आयसोलेटेड चॅनेलचे कार्ड चालले असते, पण त्याच कार्डावरचे इतर सहा सिग्नल हलवावे लागले असते आणि प्लांट थांबवावा लागला असता. दोन सिग्नलसाठी ते पटेना. सिरियल पोर्टने थेट आकडे घेणे हा माझ्या मते सगळ्यांत चांगला मार्ग, कारण त्यात स्केलिंगही नाही आणि लूपही नाही. लॉगरचा एकमेव पोर्ट मात्र मोडेमला दिलेला होता.

राहिला सिग्नल आयसोलेटर, म्हणजे इनपुटचा करंट आउटपुटवर तसाच देणारे, पण दोन्हींमध्ये विद्युत जोडणी नसलेले उपकरण. प्रत्येक चॅनेलला एक, पॅनेलमध्ये रेलवर बसणारा, इनपुट लूपच्याच करंटवर चालणारा, वेगळा सप्लाय न लागणारा. हाच निवडला.

नवी जोडणी

केबलला हात लावावा लागला नाही. बदल फक्त पॅनेलच्या टोकाला. २४ व्होल्ट प्लस आयसोलेटरच्या इनपुट प्लसवर, इनपुट मायनसवरून जाणाऱ्या कोअरने लॉगरच्या आउट प्लसवर, आणि आउट मायनसवरून येणारा कोअर आता पीएलसीला न जाता सरळ २४ व्होल्टच्या मायनसला. आयसोलेटरचे आउटपुट पीएलसीच्या इन प्लस आणि इन मायनसवर. आता कॉमन मायनस जिथे असायला हवा तिथे, म्हणजे शून्य व्होल्टवर आहे.

लूपवर चालणारा आयसोलेटर वापरायचा तर व्होल्टेजचा हिशेब आधी करावा लागतो, कारण पीएलसीच्या लोडसाठी लागणारा व्होल्टेजही तो इनपुटकडूनच घेतो. २० मिलिअँपला २५० ओहमवर ५ व्होल्ट, आयसोलेटरचा स्वतःचा २.५ व्होल्ट. केबलचे कोअर अर्ध्या चौरस मिलिमीटरचे. त्यांचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ३६ ओहम. जाऊन-येऊन ६०० मीटरचे सुमारे २२ ओहम, म्हणजे जेमतेम ०.४५ व्होल्ट. एकूण खर्च ८ व्होल्टच्या आत, लॉगरच्या आउटपुटसाठी उरतात सुमारे १६. या लॉगरला किमान ९ लागतात, तेव्हा ऐसपैस आहे. हाच हिशेब १२ व्होल्टच्या सप्लायवर केला तर उरतात चार, म्हणजे लॉगरला लागणाऱ्या किमान ९ पेक्षा बरेच कमी, आणि लूप वरच्या पट्ट्यात पोहोचतच नाही. सौर पॅनेलवरच्या लॉगरची १२ व्होल्टची बॅटरीच लूपलाही वापरणाऱ्यांनी हे गणित नक्की करून पाहावे.

आयसोलेटरची अचूकता पट्ट्याच्या ०.१ टक्का, प्रवाहात ताशी ०.४ घनमीटर. या मोजमापाला एवढी चूक सहज खपते.

एक गोष्ट पॅनेलच्या दाराच्या आत लेबलवर लिहून लावली. परतीचे दोन कोअर आता दोन्ही टोकांना जोडलेलेच आहेत, त्यामुळे त्यांत अजूनही १० आणि १० च मिलिअँप वाहतात. त्याने मोजमापाला बाधा नाही, कारण परतीच्या वाटेवर आता कोणी मोजत नाही. पण उद्या कोणी मीटर घेऊन परतीच्या कोअरमध्ये करंट पाहिला तर त्याला जुना बिघाड परत आल्यासारखे वाटेल. म्हणून लेबल: करंट फक्त प्लस कोअरमध्ये मोजावा.

चाचणी, या वेळी दोन्ही चॅनेल जोडून

लॉगरमध्ये आउटपुटला हवा तो करंट जबरदस्तीने द्यायची सोय होती. दोन्ही चॅनेल जोडलेले ठेवून मुद्दाम एकमेकांपासून दूरचे करंट दिले. पहिल्याला ४ आणि दुसऱ्याला २०: जुन्या जोडणीत दोन्हीकडे १२ आले असते, आता पीएलसीवर ४.०० आणि २०.०१. उलट करून २० आणि ४: २०.०० आणि ४.०१. मग १२ आणि ८, जिथून सगळे सुरू झाले: १२.०० आणि ८.००. दोन्ही चॅनेलना सारखाच करंट देऊन केलेली चाचणी इथे कामाची नाही. १२ आणि १२ दिले असते तर जुनी बिघडलेली जोडणीसुद्धा उत्तीर्ण झाली असती.

शेवटी पुन्हा आउट-२ प्लसची तार सोडली. गढूळपणाचा चॅनेल शून्य मिलिअँपवर गेला, पीएलसीने बिघाडाचा अलार्म दिला आणि प्रवाह १२.०० वरच राहिला. तीच चाचणी आउट-१ प्लसवर. दोन्ही नोंदी तक्त्यात जोडल्या, आणि ड्रॉईंगमध्ये लॉगरच्या व कार्डाच्या चौकोनांच्या आतले कॉमनही रेषेने दाखवले.

जुन्या नोंदींचे काय

पीएलसीत साठलेले मधल्या काळातले आकडे दुरुस्त करता येतील का, असे प्लांटच्या लोकांनी विचारले. नाही येत. पीएलसीकडे दोन्ही चॅनेलवर एकच आकडा होता, दोन करंटच्या बेरजेचा निम्मा. त्यावरून बेरीज मिळते, पण बेरजेतून प्रवाह किती आणि गढूळपणा किती हे वेगळे काढायला दुसरे समीकरणच नाही. प्रवाहाची बेरीज करून पीएलसीने काढलेले एकूण घनमीटरही त्यामुळे निरुपयोगी. लॉगरच्या मेमरीत मात्र दर मिनिटाचे मूळ आकडे शाबूत होते, कारण ते लूपमधून गेलेच नव्हते. ते उतरवून घेतले, त्या काळाचा अहवाल त्यांवरून नव्याने केला, आणि पीएलसीच्या ट्रेंडवर तेवढ्या पट्ट्याला "ग्राह्य नाही" अशी नोंद टाकली.